तबकडीचे माप आणि आपले कान

खर्ज (धागाकर्ता):

मागच्या महिन्यात घराची डागडुजी निघाली म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा आजोबांचा चावीचा फोनो, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या बावीस तबकड्या आणि पिनांची एक पत्र्याची डबी खाली आली. पोलादी पिन एका बाजूपुरतीच वापरायची आणि मग टाकून द्यायची, असा त्या काळचा दंडक होता. आजोबा काटकसरी, ते एकाच पिनेवर चार-पाच बाजू वाजवीत. परिणाम असा, की त्यांना जी गाणी सर्वांत प्रिय होती तीच आज सर्वांत जास्त खरखरतात, आणि जी त्यांना फारशी रुचली नसावीत ती कोरी करकरीत राहिली आहेत.

त्यांतले एक नाट्यपद मी पुतणीला ऐकवले. ती गेली सहा वर्षे गाणे शिकते आहे. चावी उतरत आली की फोनोचा सूर खाली घसरू लागतो, तो घसरायच्या आतच पद संपले आणि पुतणी म्हणाली, "काका, हे आम्हाला क्लासमध्ये आहे. ह्याच ताना, ह्याच क्रमाने." तिने हे कौतुकाने सांगितले. मी मात्र दोन दिवस त्या वाक्यापाशी अडून बसलो आणि त्यातूनच हा धागा काढतो आहे.

ज्या रंगभूमीवर हे पद जन्मले, तिथे ते सलग दोन रात्री एकाच तऱ्हेने गायले गेले असेल असे मला वाटत नाही. बालगंधर्वांच्या काळी 'वन्स मोअर'वर 'वन्स मोअर' पडत, एकच पद निरनिराळ्या अंगांनी फुलवले जाई आणि नाटक पहाटेपर्यंत रेंगाळे, हे तेव्हाच्या अनेक रसिकांनी लिहून ठेवले आहे. आज क्लासांत आणि स्पर्धांत त्या पदाचा जो अवतार 'मूळ चाल' म्हणून शिकवला जातो, तो एका विशिष्ट दिवशी, एका बंद खोलीत, तबकडी संपायच्या आत उरकलेले एक गायन आहे. ते उत्तमच आहे. पण ते मूळ कसे?

थोडा तपशील देतो. ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गैसबर्ग याने भारतातले पहिले ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला केले. दहा इंची तबकडीवर सुमारे तीन मिनिटे मावत, बारा इंचीवर चार-साडेचार. माइक नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्यासमोर तोंड नेऊन गायचे, त्या आवाजाच्या कंपनाने मेणाच्या चकतीवर रेघ कोरली जायची, आणि चूक झाली तर ती चकती बाद करून पहिल्यापासून गायचे. मग ते मेण जर्मनीत हॅनोवरला जाई आणि तिथून तबकड्या बनून बोटीने परत येत. तबकडीतली लाख बहुतेक आपल्याच देशातून गेलेली असे. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तेव्हा कुठे हा उलटा प्रवास थांबला.

आता ज्या गायकीत एका रागाला तासभर देण्याची रीत होती, तिला तीन मिनिटांचे माप दिले तर काय होईल? विलंबित ख्याल बाहेर राहिला. आलापाला चार-दोन सूर मिळाले. मध्य किंवा द्रुत लयीतली बंदिश, लगेच बोल-ताना (बंदिशीच्या शब्दांवर घेतलेल्या ताना), लगेच जलद ताना आणि समेवर शेवट, असा एक साचा तयार झाला. तंबोऱ्याचा नाद कर्ण्याला फार क्षीण ऐकू येई, म्हणून सूर भरून काढायला पेटी पुढे आली. हे सर्व नाइलाजाने झाले. पण दोन पिढ्यांनंतर तो नाइलाज कोणाला आठवत नाही, आणि 'आटोपशीर गाणे' हा गुण ठरतो. आपल्या भावगीताकडे पाहा. जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकात ना. घ. देशपांड्यांची कविता गाऊन तबकडीवर आणली आणि तिला अमाप लोकप्रियता मिळाली. पुढे तेच जोशी अनेक वर्षे एचएमव्हीत इतरांचे गाणे मुद्रित करीत राहिले. धृपद आणि दोन-तीन अंतरे, मध्ये वाद्यांचे छोटे तुकडे, सगळे मिळून तीन-साडेतीन मिनिटे, ही जी भावगीताची अंगकाठी आपण काव्यातून आली असे समजतो, ती कितपत काव्यातून आली आणि कितपत तबकडीच्या व्यासातून?

माझे म्हणणे एवढेच, की यंत्राची मर्यादा आधी सोय होते आणि मग अभिरुची होते. आपल्या माहितीतली अशी आणखी उदाहरणे इथे यावीत आणि जिथे माझे चुकते तिथे स्पष्ट सांगावे.

अनवट:

धागा उत्तम आहे, पण त्यातला हळहळीचा सूर मला पटत नाही. तबकडीने गाणे कापले हे खरे. त्याच तबकडीने गाणे कोंडवाड्यातून सोडवले, हेही तितकेच खरे आहे. उस्तादाच्या घरी पाणी भरावे, हुक्का भरावा आणि वर्षानुवर्षे एका रागाची वाट पाहावी, असा तो जमाना होता. गदगच्या एका शाळकरी मुलाने अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी दुकानातल्या तबकडीवर ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडले. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. खाँसाहेब मिरजेस राहत. त्यांच्या मैफलीला जाऊन बसणे त्या मुलाला शक्य नव्हते. तीन मिनिटे त्याला पुरली.

याउलट ज्यांनी तबकडीला नकार दिला किंवा ज्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही, त्यांचे काय झाले पाहा. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. दोघांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्यांचे मोठेपण आपण आठवणींच्या पुस्तकांतून आणि शिष्यांच्या गळ्यांतून अनुमानाने मान्य करतो. आपली विद्या चोरीला जाईल, पानाच्या दुकानात आपले गाणे वाजेल, या भीतीने अनेक उस्ताद सुरुवातीला कर्ण्यापासून दूर राहिले, आणि ती जागा भरली बायकांनी. गौहर जान, जानकीबाई आणि त्यांच्यासारख्या कितीतरी गायिका, ज्यांना सभ्य घरांच्या दिवाणखान्यात प्रवेश नव्हता, त्या तबकडीच्या रूपाने थेट माजघरात पोहोचल्या. हा सामाजिक बदल यंत्राने केला. कोणा सुधारकाने नव्हे.

अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या केसरबाई केरकर यांचे उदाहरण तर विलक्षण आहे. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिका ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार काटेकोर. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर हिंदुस्थानी संगीतातून एकच गोष्ट निवडली गेली, ती त्यांची भैरवी, 'जात कहाँ हो'. लांबी साडेतीन मिनिटे. दुसरे यान सुटले ५ सप्टेंबरला आणि केसरबाई निवर्तल्या १६ सप्टेंबरला. ज्यांची मैफल ऐकायला संस्थानिक ताटकळत, त्यांची ओळख सूर्यमालेबाहेर तीन-साडेतीन मिनिटांचीच राहणार, हे तुमच्या बाजूचे उदाहरण समजायचे की माझ्या, ते तुम्हीच ठरवा.

एक विचारतो. तुमच्या बावीस तबकड्यांत एखादी अगदी जुनी, एकाच बाजूला गाणे असलेली आहे का? असल्यास ती शेवटपर्यंत ऐका. त्या काळी गाणे संपताच गायिका मोठ्याने आपले नाव सांगत असे, कारण हॅनोवरच्या कारखान्यातल्या माणसांना हे कोणाचे गाणे आहे ते कळून लेबल लावता यावे.

दळण:

अनवट यांनी माजघराचा उल्लेख केला म्हणून लिहितो आहे. तुम्ही दोघेही प्रसारमाध्यमे म्हणजे आवाज पोहोचवणारी यंत्रे असे धरून चालला आहात. आमच्या मावळात गाणे ज्या यंत्राने संपवले, त्याला कर्णा नव्हता की सुई नव्हती. ते यंत्र म्हणजे पिठाची गिरणी.

जात्यावरच्या ओवीला लांबी नसते. दळण जितके, तितकी ओवी. पायलीभर जोंधळे असले तर भाऊ, माहेर, पंढरपूर, सासूची जाचणूक आणि पुन्हा भाऊ, एवढा फेरा होतो. गावात डिझेलची गिरणी आली आणि बायकांच्या हातांचे घट्टे गेले, हे चांगलेच झाले. ज्याला जात्याचे गोडवे गायचे असतील त्याने पहाटे चारला उठून महिनाभर दळून पाहावे. पण जाते थांबले तशी ओवी थांबली, कारण ती कोणाला ऐकवण्यासाठी नव्हतीच.

माझ्या आजीकडून ओव्या लिहून घ्याव्यात म्हणून मी वही घेऊन बसलो होतो. तिला एकही आठवेना. "आता कुठलं रे," एवढेच म्हणे. मग वडिलांनी गोठ्यातले जाते आणून अंगणात मांडले, खुंटा ठोकून बसवला आणि मूठभर गहू घातले. आजीने खुंट्याला हात लावला, दोन फेरे कोरडेच फिरवले, आणि तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. त्या सकाळी तिने पन्नासहून अधिक सांगितल्या. मधेच लिहिण्यासाठी मी तिला थांबवले की पुढची ओवी हरवायची. पुन्हा जाते फिरवावे लागायचे. तिची स्मृती डोक्यात होती की मनगटात, हे मला अजून उमगलेले नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी आज 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात बायकांच्या आवाजात ऐकता येतात, गाणारीचे नाव, गाव आणि छायाचित्र यांसह. म्हणजे एका यंत्राने मोडलेले दुसऱ्या यंत्राने जपून ठेवले. मात्र संग्रहातली ओवी ऐकताना मी हात बांधून बसलेला असतो, आणि ते मला चोरट्यासारखे वाटते.

मध्यमलहरी:

तबकडीची मर्यादा अभिरुची झाली, हा मूळ लेखकाचा मुद्दा मान्य. पण नभोवाणीचा इतिहास पाहिला तर नेमके उलटे उदाहरण सापडते आणि ते या चर्चेत यायला हवे.

मुंबई केंद्र सुरू झाले २३ जुलै १९२७ रोजी. पुढे ऑल इंडिया रेडिओच्या अधिकाऱ्यांनी १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. कारण असे, की पेटीचे सूर पक्के बांधलेले असतात, तिच्यातून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) निघत नाही, श्रुती (सुरांमधले सूक्ष्म भेद) निघत नाहीत, सबब ती भारतीय संगीताला मारक आहे. शास्त्र म्हणून हे आक्षेप खोटे नाहीत. ही बंदी थोडीथोडकी नव्हे, तीस वर्षे टिकली आणि १९७१ पासून टप्प्याटप्प्याने सैल झाली. तीस वर्षे देशातल्या सर्वांत बलाढ्य माध्यमाने पेटीला दार बंद ठेवले. तेवढ्या काळात महाराष्ट्रात काय झाले? भजनी मंडळाची पेटी हलली नाही, तमाशाच्या फडातली हलली नाही, गाण्याच्या क्लासातली हलली नाही, मैफलीतली तर मुळीच नाही. केंद्रावर सारंगीच्या साथीने गाणारा गायक संध्याकाळी बाहेर पेटीच्या साथीने गात असे.

दुसरे उदाहरण बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांचे. हे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. अभिजात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण चित्रपटगीतांनी लोकांचे कान बिघडतात या समजापोटी आकाशवाणीवरून ती जवळपास हद्दपार करण्यात आली. लोकांनी काय केले? त्यांनी काटा रेडिओ सिलोनवर नेला. १९५२ च्या डिसेंबरात अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फिती कोलंबोला जायच्या आणि आवाज समुद्र ओलांडून पुन्हा आपल्या स्वयंपाकघरात यायचा. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला विविध भारती सुरू करावी लागली.

यावरून मला असे दिसते, की माध्यम चालवणाऱ्याने दिलेला हुकूम लोकांना दिसतो, म्हणून ते त्याला बगल देतात. तबकडी तीन मिनिटांत संपते हा कोणाचाच हुकूम नव्हता. त्यामुळे त्याविरुद्ध कोणी रुसलेही नाही. मूळ लेखकाने 'मर्यादा' आणि 'सत्ता' या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या तर त्यांचे म्हणणे अधिक नेमके होईल.

सांजवात:

मध्यमलहरी, आपण पुणे केंद्राचे नाव घेतले नाही याचे आश्चर्य वाटले. १ एप्रिल १९५५, रामनवमी: 'गीतरामायण' तिथे सुरू झाले. गदिमांचे (ग. दि. माडगूळकरांचे) शब्द आणि बाबूजींची (सुधीर फडक्यांची) चाल यांतून आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीते वर्षभर चालली. माझी आई तेव्हा दहा वर्षांची होती. आमच्या घरी रेडिओ नव्हता; समोरच्या बिऱ्हाडात होता आणि त्यांनी तो त्या सकाळपुरता ओसरीवर आणून ठेवायचा असे ठरले होते. त्या घरच्या आजी रेडिओला हळदकुंकू वाहत आणि मगच बटण फिरवू देत. गाणे संपले की निवेदकाचा आवाज सुरू होई, तेव्हा आजी हात जोडून त्यालाही नमस्कार करीत. वाल्मीकींचे की नभोवाणीचे, हा भेद त्यांच्यापाशी नव्हता. इथे हुकूमही नव्हता आणि लादलेली मर्यादाही नव्हती. आठवडाभर वाट पाहण्याची एक सामुदायिक सवय मात्र लागली. ती सवय, माझ्या मते, माध्यमाची खरी करामत होय.

काळी चार:

मी पंचवीस वर्षे ध्वनिव्यवस्थेचे काम करतो, म्हणून माइकबद्दल थोडे सांगतो. इथे त्याचे नाव येता येता राहून गेले आहे.

माइक नव्हता तेव्हा नटाला पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत आवाज फेकावा लागे. त्यासाठी पट्टी उंच, उच्चार कोरीव, ओठ उघडे. लावणीवाल्या बाईचा टिपेचा सूर हा शृंगाराचा भाग मानला जातो. तो ढोलकी आणि तुणतुण्याच्या वर निघण्यासाठीही असे. विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आले आणि कुजबुजीएवढ्या आवाजातही गाता येऊ लागले. भावगीतातला जो हळवा, कानाशी बोलल्यासारखा सूर आहे तो माइकाशिवाय अशक्य होता. तेव्हा धागाकर्त्यांनी भावगीताची लांबी तबकडीला दिली, तर त्याचा गळा माइकाला द्यावा.

आता माझा रोजचा अनुभव सांगतो. गावच्या सप्ताहात भजनी मंडळ येते. पखवाज, वीस जोड्या टाळ आणि दगडी देऊळ. त्या देवळाच्या घुमटात आवाज असा काही फिरतो, की मला यंत्र बंद करून ऐकत बसावेसे वाटते. पण बुवा पहिल्याच अभंगाआधी माझ्याकडे वळून बोट गोल फिरवतात, म्हणजे "इको वाढवा." घुमटाचा खरा घुमार आहे, त्यांना मात्र टीव्हीवरच्या भजनातला हवा असतो. मी वाढवतो. बिदागी तेच देतात.

निळी वही:

वरच्या चर्चेत तबकडी, नभोवाणी आणि माइक यांचे जे वर्णन आले, त्यात आमच्या वस्तीचा आवाज कुठेच नाही. त्यात आपणा कोणाचा दोष नाही. त्या यंत्रांमध्येच तो फार थोडा होता. म्हणून कॅसेटबद्दल लिहितो.

फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ मध्ये आणली. आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने पसरली १९८० नंतर. तबकडी काढायची तर कारखाना लागे आणि तो मोजक्या कंपन्यांच्या हाती होता. कॅसेट भरायला एक खोली, एक माइक आणि दोन यंत्रे पुरत. त्यामुळे कोळीगीते, गोंधळ, कव्वाल्या आणि आमची भीमगीते एकाएकी दुकानात दिसू लागली. त्याआधी भीमगीत होते ते जलशात. भीमराव कर्डकांचे जलसे १९३० च्या दशकातले. वामनदादा कर्डक तर हयातभर गावोगाव फिरत राहिले. ज्या गावाला पार्टी यायची त्या गावाला गाणे मिळायचे. कॅसेट आल्यावर चैत्यभूमीला किंवा दीक्षाभूमीला गेलेला माणूस फोटो, पुस्तक आणि एक-दोन कॅसेटा घेऊन परत यायचा, आणि त्या वस्तीत वर्षभर वाजायच्या. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज आमच्या घरी आधी कॅसेटमधून आला आणि मग प्रत्यक्ष.

माझे चुलते एका गायन पार्टीत होते. स्वतः लिहायचे, निळ्या पुठ्ठ्याची वही कायम काखेत. एप्रिल महिना आला की सुपाऱ्या सुरू. रात्री दहाला उभे राहायचे, समोर दुसरी पार्टी असली तर सामना रंगायचा आणि तांबडे फुटेपर्यंत एकेक गाणे वाढत जायचे, कारण समोरच्याने विचारलेल्या सवालाचे उत्तर जागेवर रचून त्याच गाण्यात घालावे लागे. १९८८ साली त्यांना एका कंपनीने बोलावले. साठ मिनिटांची कॅसेट, दोन बाजू, आठ गाणी, प्रत्येकी सात मिनिटांच्या आत. चुलत्यांची गाणी बारा-तेरा कडव्यांची. तिथल्या माणसाने वही घेतली, पेन्सिलीने पहिल्या चार कडव्यांखाली रेघ मारली आणि उरलेली सोडून द्या म्हणाला.

आता शाहिराची नाममुद्रा असते शेवटच्या कडव्यात. रेघ तिच्या वर पडली. आठही गाण्यांतून त्यांचे नाव गेले. मोबदला एकरकमी मिळाला, वेष्टनावर गायकाचा फोटो आला आणि गीतकार म्हणून 'पारंपरिक' असे छापले गेले. माणूस समोर जिवंत बसलेला असताना त्याचे गाणे पारंपरिक झाले. पुढे कुठल्याशा गावात ते स्वतः ते गाणे पूर्ण गायले, तेव्हा एका पोराने टोकले, की काका, हे शेवटचे तुम्ही घुसडले का, कॅसेटमध्ये तर नाही.

तरीही चुलते कॅसेटवर कधी रागावले नाहीत. ते म्हणत, मी चाळीस वर्षांत जितक्या गावांना गेलो, त्याहून जास्त गावांना ती एका वर्षात गेली. मी रागावतो. दोघांपैकी कोणाचे बरोबर, हे मला ठरवता आलेले नाही.

खर्ज (धागाकर्ता):

निळी वही, आपला प्रतिसाद तीनदा वाचला. माझ्या पुतणीचे "ह्याच ताना, ह्याच क्रमाने" आणि त्या पोराचे "कॅसेटमध्ये तर नाही" ही एकच गोष्ट आहे, फक्त माझ्या वाट्याला तिचा सुखवस्तू अवतार आला. मध्यमलहरींनी सुचवलेला मर्यादा आणि सत्ता यांतला भेद मला पूर्ण पटला होता; पण ती पेन्सिलीची रेघ या दोहोंत कुठे बसवायची? सात मिनिटे ही यंत्राची मर्यादा होती. शेवटचे कडवे ठेवून मधली गाळता आली असती. ती गाळली नाहीत, हा माणसाचा निर्णय होता, आणि तो यंत्राच्या आड लपला. अनवट यांनी मांडलेली हळहळीवरची हरकतही मान्य करतो. मी हळहळत होतो ते ताना गेल्या म्हणून, आणि इथे तर गाणारा माणूसच पुसला गेला आहे.

रिचार्ज:

मी या सर्वांहून वयाने लहान असावा. माझा मोठा भाऊ २०१० च्या सुमारास तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर मोबाईलचे दुकान चालवीत असे, आणि त्याचा निम्मा धंदा 'गाणी भरून देणे' हा होता. दोन जीबीचे कार्ड आणायचे, तो संगणकाला लावायचा आणि विचारायचा, "काय पाहिजे?" संगणकात कप्पे होते: भक्ती, भीमगीत, लग्नाची, डीजे, जुनी, दर्दभरी. गिऱ्हाईक बोट दाखवायचे आणि तीनशे गाणी दहा मिनिटांत कार्डात जायची. गायक कोण, कवी कोण, चित्रपट कोणता, हे कोणीच विचारत नसे.

भावाने एक शक्कल लढवली होती. प्रत्येक गाण्याच्या नावापुढे तो आपल्या दुकानाचे नाव टाकत असे, म्हणजे गाणे एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेले तरी जाहिरात होत राही. त्यामुळे आमच्या तालुक्यात अशी शेकडो गाणी फिरत होती ज्यांचा एकमेव नोंदलेला कर्ता माझा भाऊ होता. काल निळी वही यांचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, त्यांच्या चुलत्यांची गाणीही आपल्या भीमगीताच्या कप्प्यात असणार. आता तो कॅमेरे बसवण्याचे काम करतो. तो जुना संगणक भंगारात गेला.

अनवट:

रिचार्ज यांचा प्रतिसाद वाचल्यावर माझा आधीचा उत्साह जरा आवरता घेतो. गौहर जानचे नाव टिकले, ते लेबल लावणाऱ्याला त्याची गरज होती म्हणून. कार्डात गाणी भरणाऱ्याला ती गरज उरली नाही. धागाकर्ते, माझ्या प्रश्नाचे काय झाले? एका बाजूची तबकडी आहे का?

खर्ज (धागाकर्ता):

आहे, एक आहे. उत्तराला उशीर झाला, कारण फोनोची स्प्रिंग अडकली होती आणि ती सोडवणारा कारागीर शोधण्यात आठवडा गेला. पिनाही नव्या आणल्या. आजोबांच्या डबीतल्या 'नव्या' कप्प्यात निघाल्या त्या सगळ्या वापरलेल्याच होत्या.

तबकडीच्या पाठीला गाणे नाही, नुसती काळी गुळगुळीत लाख आहे. लेबलाचा कागद झुरळांनी खाल्लेला, त्यावर 'गायन' एवढाच शब्द शिल्लक आहे. आजोबांनी ती जुन्या बाजारातून आणली असावी, कारण मागे खडूने 'चार आणे' लिहिले आहे. गाणे बाईचे आहे, भैरवीसारखे वाटते, आणि तुम्ही म्हणालात तसे अखेरच्या तानेनंतर श्वास घेऊन ती खरेच बोलते. गाताना जो आवाज धीट आहे तो बोलताना एकदम घाईचा होतो, जणू कोणी खूण करून वेळ संपल्याचे दाखवते आहे.

तबकडीची कड ठीक आहे. आतल्या बाजूला, जिथे सुई शेवटी पोहोचते तिथे एक टवका उडालेला आहे. सुई त्यावर आपटते आणि उडते. सकाळपासून अकरा वेळा लावली. पुतणीने फोनवर मुद्रित करून, वेग कमी करून पाहिले. "बाई" एवढे स्पष्ट आहे, आणि त्यानंतर एका गावाचे नाव, ज्याचा शेवट "कर" असा होतो. "बाई"च्या आधी जे आहे ते त्या टवक्यात गेले. पुतणीचे म्हणणे, ते तीन अक्षरी असावे, कारण सुई दोनदा उडते. तिने ती दहा सेकंदे मला पाठवली आहेत. उद्या इथे चढवतो, कोणाला ऐकू आले तर सांगावे.